भुकेल्या राष्ट्राला नकाराचा अधिकार आहे काय?

भरल्या कोठाराच्या दारात उभे राहून स्वाभिमानाची भाषा बोलणे कोणत्याही राष्ट्राला जमते. कोठार रिकामे आहे, परक्या देशाचे धान्य दारात येऊन ठेपले आहे आणि ते स्वीकारण्यास मन धजत नाही, अशा वेळी काय करावे हा मात्र कसोटीचा प्रश्न असतो. २००२ साली आफ्रिकेतील झांबिया या देशावर ही वेळ आली. दुष्काळग्रस्तांसाठी अमेरिकेतून आलेल्या मक्यात जनुकीय बदल केलेल्या मक्याची सरमिसळ होती. झांबियाच्या सरकारने तो मका घेण्याचे नाकारले. त्यावर बड्या राष्ट्रांतून टीकेची झोड उठली आणि तिचा सूर सर्वत्र सारखाच होता: उपाशी माणसाने ताटातल्या अन्नाची चौकशी करू नये. या घटनेला दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. परंतु तीत गुंतलेला प्रश्न शिळा झालेला नाही. गरीब राष्ट्रांच्या शेतीत कोणते बी शिरावे हे कोणी ठरवायचे, असा तो प्रश्न आहे.

लहान राष्ट्र कशाला म्हणावे?

नकाशावर पाहिले तर झांबिया लहान नाही. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. पण २००२ साली त्याची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास होती. परकीय चलनाची बहुतेक मदार तांब्यावर, आणि तांब्याचा भाव ठरणार लंडनच्या बाजारात. देशाला समुद्रकिनारा नाही. बाहेरून येणारा प्रत्येक दाणा शेजाऱ्यांच्या बंदरांतून आणि रस्त्यांवरून यावयाचा. विदेशी कर्जाचा भार असा की डिसेंबर २००० मध्ये अतिऋणग्रस्त गरीब देशांसाठीच्या कर्जमाफी योजनेत त्याला दाखल व्हावे लागले. त्या योजनेचा अखेरचा टप्पा एप्रिल २००५ मध्ये गाठेपर्यंत देशाचे आर्थिक धोरण नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या नजरेखालीच आखले जात होते. वाटाघाटीच्या मेजावर राष्ट्राचा आकार मोजण्याचे माप चौरस किलोमीटर हे नसते. एखादे राष्ट्र किती दिवस 'नाही' म्हणून तग धरू शकते, हे तेथील माप असते. त्या मापाने झांबिया अत्यंत लहान होता.

२००१-०२ चा हंगाम बुडाला तेव्हा झांबियासह झिंबाब्वे, मलावी, मोझांबिक, लेसोथो आणि स्वाझीलँड (आताचे एस्वातिनी) अशा सहा देशांतील सव्वा कोटीहून अधिक लोकांना अन्नमदतीची गरज भासली. एकट्या झांबियात ही संख्या २५ लाखांच्या आसपास होती. यात पावसाचा दोष होताच; परंतु सारा दोष पावसाच्या माथी मारणे म्हणजे अर्थकारणाला निर्दोष ठरविणे होय. संरचनात्मक फेररचनेच्या नावाखाली १९९० च्या दशकात या देशांना खतांवरील अनुदाने आणि सरकारी धान्यखरेदीची यंत्रणा मोडीत काढण्यास भाग पाडले गेले होते. शेजारच्या मलावीने तर दुष्काळाच्या तोंडावर आपला राखीव धान्यसाठा विकला आणि त्यात नाणेनिधीच्या सल्ल्याचा वाटा किती होता, यावर पुढे मोठा वाद झाला. ज्यांच्या सल्ल्याने कोठारे रिती झाली त्यांच्याच गोटातून मदतीचे धान्य येत होते, हा संदर्भ विसरून झांबियाच्या नकाराचा न्यायनिवाडा करता येणार नाही.

दाणा आणि बी

अमेरिकेत २००२ साली मक्याच्या एकूण क्षेत्रापैकी सुमारे एक तृतीयांश क्षेत्रावर जनुकीय बदल केलेले वाण होते. तेथील व्यापारी व्यवस्थेत हा मका आणि साधा मका वेगवेगळा साठविला जात नव्हता. म्हणून मदतीच्या पोत्यांत दोन्ही मिसळलेले येणार हे उघड होते. अमेरिकेचे म्हणणे असे की, हाच मका आमचे नागरिक खातात; मग तुमची हरकत कशाला?

या युक्तिवादात एक मोठी गफलत आहे. मक्याचा दाणा अमेरिकेतील शहरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने केवळ अन्न असतो. झांबियातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने तो अन्नही असतो आणि बियाणेही. दुष्काळात घरचे बी खाऊन संपलेले असते. पहिला पाऊस पडताच मदतीच्या पोत्यातील ओंजळभर दाणे शेतात पडणार, यासाठी भविष्यवेत्त्याची गरज नाही. मका हे परपरागीभवन होणारे पीक आहे. त्याचे पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातात. एकदा का हे वाण खेड्याखेड्यांत पोहोचले की मग ते परत बोलावण्याची सोय कोणत्याही सरकारपाशी नसते. खुद्द अमेरिकेत २००० साली 'स्टारलिंक' नावाचा, केवळ पशुखाद्य म्हणून मान्यता मिळालेला मका माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि तो परत घेता घेता तेथील कंपन्यांच्या व सरकारच्या नाकी नऊ आले. इतकी सुसज्ज यंत्रणा असलेल्या देशाची ही गत, तर एकही परीक्षण-प्रयोगशाळा नसलेल्या देशाने कशाच्या बळावर धोका पत्करावयाचा? शिवाय झांबियाचा कोवळा मका, भाजीपाला आणि मध युरोपच्या बाजारात जात होता. युरोपने त्या काळी नव्या वाणांना मान्यता देणे थांबविले होते. सरमिसळीचा संशय आला तरी तो बाजार हातचा जाण्याची भीती होती.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज देशभर माजले आहे. ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्या नेमक्या आगमनाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी परक्या धान्याबरोबर परके बी येऊ शकते आणि आले की जात नाही, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याने बांधावर अनुभवली आहे. 'पी.एल. ४८०' च्या गव्हाची अट काय असते, तेही या देशाने पाहिले आहे. १९६५ ते १९६७ या दुष्काळी काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला गहू थोडा थोडा, हात आखडून सोडला. व्हिएतनाम युद्धावर भारताने केलेली टीका त्यांना रुचली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील मजुरांनी रेशनवरची तांबडी मिलो मुकाट्याने खाल्ली. पोटात आग असताना तक्रार करता येत नाही, म्हणूनच तक्रारीचा अधिकार आधी मिळवून ठेवावा लागतो.

कार्ताहेनाची लढाई

तो अधिकार मिळविण्याची खटपट गरीब राष्ट्रांनी झांबियाच्या दुष्काळापूर्वीच सुरू केली होती. १९९२ च्या रिओ परिषदेत जैविक विविधतेचा करार झाला. त्या करारात जैवसुरक्षेसाठी स्वतंत्र मसुद्याचा विचार व्हावा असे कलम होते. १९९६ पासून त्यावर वाटाघाटी चालल्या आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलंबियातील कार्ताहेना येथे त्या मोडल्या. एका बाजूला अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, चिली आणि उरुग्वे हा धान्य निर्यात करणाऱ्यांचा 'मायामी गट' होता. गंमत अशी की अमेरिकेने मूळ जैवविविधता कराराला संमतीच दिलेली नव्हती, आजही दिलेली नाही. तरीही मसुद्यातील प्रत्येक शब्दाला तिचा पहारा होता. दुसऱ्या बाजूला विकसनशील देशांचा 'समविचारी गट' होता आणि त्याची बाजू मांडत होते इथिओपियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ टेवोल्डे बेर्हान गेब्रे एग्झिआबेर. दारिद्र्य आणि दुष्काळ यांसाठीच जगाला ठाऊक असलेल्या देशाचा हा प्रतिनिधी शंभराहून अधिक राष्ट्रांच्या वतीने बोलत होता. भारतही याच गटात होता.

अखेर २९ जानेवारी २००० च्या पहाटे माँट्रियल येथे मसुदा मंजूर झाला. त्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पेरणीसाठी जाणारे जनुक-परिवर्तित बियाणे आयात करणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय पहिल्यांदा पाठविता येणार नाही. शास्त्रीय पुरावा अपुरा असला तरी सावधगिरी म्हणून निर्णय घेण्याचा हक्क आयातदार देशाला राहील. आणि निर्णय घेताना, इतर आंतरराष्ट्रीय बंधने सांभाळून, सामाजिक व आर्थिक परिणामांचाही विचार करता येईल.

परंतु मायामी गटाने एका ठिकाणी आपले साधून घेतले. खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी वा प्रक्रियेसाठी जाणाऱ्या घाऊक धान्याला पूर्वसंमतीच्या कडक नियमातून वगळण्यात आले. अशा मालाच्या कागदपत्रांवर त्यात परिवर्तित जीव 'असू शकतात' एवढे लिहिले की भागेल, असे ठरले. विकसनशील देशाला स्वतःचा कायदा नसला तरी आपण धोक्याचे मूल्यमापन करून निर्णय घेऊ, असे जाहीर करण्याची मुभा मिळाली. पण ती सवलत होती, संरक्षण नव्हते. व्यापाऱ्याच्या कागदावर दाणा आणि बी यांची अशी फारकत झाली. झांबियाच्या शेतात ती होणार नव्हती. करारातील हीच फट दोन वर्षांनी झांबियाला भोवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २००२ साली हा करार अमलातच आलेला नव्हता. त्यासाठी ५० राष्ट्रांची मान्यता हवी होती. पन्नासावी मान्यता जून २००३ मध्ये आली ती पॅसिफिक महासागरातील पलाऊ या सुमारे वीस हजार वस्तीच्या बेटांच्या राष्ट्राकडून आणि ११ सप्टेंबर २००३ रोजी करार लागू झाला. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे हे राष्ट्र. पण त्याच्या सहीने जगाच्या कायद्यात एक कलम जिवंत झाले. लहान राष्ट्रांचे बळ कशात आहे हे यावरून समजावे. ते संख्येत आणि एकजुटीत आहे.

नकाराची किंमत

झांबियाने निर्णय लहरीपणाने घेतला असे म्हणणाऱ्यांनी घटनाक्रम पाहावा. ऑगस्ट २००२ मध्ये राजधानी लुसाका येथे जाहीर विचारविनिमय झाला. शेतकरी, चर्चसंस्था, लोकप्रतिनिधी आणि पारंपरिक मुखिया यांना त्यात बोलावण्यात आले. त्यानंतर शास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांचे पथक दक्षिण आफ्रिका, युरोप आणि अमेरिका येथे पाठविण्यात आले. त्यांच्या अहवालानंतर ऑक्टोबर अखेरीस नकार कायम करण्यात आला. किती श्रीमंत लोकशाही राष्ट्रांनी आपल्या ताटात हे अन्न येण्यापूर्वी जनतेला इतके विचारले?

तरीही झांबियाच्या सरकारला सर्वस्वी निर्दोष ठरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी या मक्याला 'विष' म्हटले. त्या मक्याने माणसे दगावतात असा पुरावा नव्हता, आणि त्या एका शब्दाने बियाण्यांविषयीचा देशाचा खरा युक्तिवाद झाकोळून गेला. दळलेल्या मक्याचा मार्गही होता. दळलेला दाणा पेरता येत नाही, म्हणून बहुतेक शेजारी देशांनी मका दळून घेण्याची अट घालून मदत स्वीकारली. झांबियाने तीही वाट नाकारली. काही गावांत भुकेल्या लोकांनी गोदामे फोडून हाच मका नेला. त्या लोकांना बियाण्यांचे राजकारण ठाऊक नव्हते, पोटाचे ठाऊक होते. पर्यायी धान्य शेजारच्या देशांतून आणले गेले, भाकीत झालेले सामूहिक मृत्युकांड घडले नाही आणि २००३ चा मक्याचा हंगाम आधीच्या जवळजवळ दुप्पट आला. परंतु या सुदैवावरून धोरणाचे समर्थन करू नये. पाऊस दुसऱ्या वर्षीही चुकला असता तर काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक समाजवाद्याने स्वतःला विचारला पाहिजे. भुकेल्याच्या वतीने नकार देणाऱ्या सरकारावर त्याला दुसरे अन्न पोहोचविण्याची दुहेरी जबाबदारी येते.

टीकाकारांच्या हेतूचीही तपासणी व्हावयास हवी. त्याच सुमारास, २००२-०३ मध्ये, भारतानेही अमेरिकेतून येणाऱ्या मका-सोया मिश्रणाची मदत, त्यात स्टारलिंक नसल्याची हमी मिळेना म्हणून, अडविली होती. त्यावर झांबियाइतका गहजब झाला नाही. भारताची कोठारे तेव्हा भरलेली होती आणि भरल्या कोठाराचा नकार जग निमूटपणे ऐकून घेते. दुसरी बाब अशी की, युरोपातील अनेक देश मदत रोख पैशांत देतात. त्यातून शेजारच्या शेतकऱ्याचे धान्य विकत घेता येते. अमेरिकेच्या त्या काळच्या कायद्याने मदतीचे धान्य अमेरिकेतच पिकलेले आणि त्यातील ७५ टक्के अमेरिकी जहाजांतून नेलेले असावे लागे. अशा मदतीत दात्याच्या शेतकऱ्याची विक्री, दात्याच्या जहाजमालकाचे भाडे आणि दात्याच्या वाणांचा प्रसार असे तिहेरी हित साधले जाते. तिला निखळ दानधर्म म्हणता येत नाही. मे २००३ मध्ये अमेरिकेने कॅनडा व अर्जेंटिनासह युरोपविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, तेव्हा अध्यक्ष बुश यांनी युरोपच्या धोरणामुळे आफ्रिकेतील भूक हटविण्यात अडथळा येतो असा मुद्दा पुढे केला. आफ्रिकेची भूक अशी युरोपशी चाललेल्या व्यापारयुद्धात साक्षीला उभी करण्यात आली. २००६ साली त्या दाव्याच्या निर्णयात, सर्व पक्ष कार्ताहेना कराराचे सदस्य नसल्यामुळे तो विचारात घेणे बंधनकारक नाही, असे पंचमंडळाने म्हटले. बड्या राष्ट्राने करारावर सही न करण्यातही कसा फायदा असतो, हे त्यातून दिसले.

नकारामागे लागणारे बळ

झांबियाने नंतर काय केले, हा या प्रकरणाचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २००४ मध्ये तो कार्ताहेना कराराचा सदस्य झाला. नॉर्वेच्या मदतीने माउंट माकुलू येथील कृषिसंशोधन केंद्रात परीक्षणाची सोय उभारण्यात आली. २००७ साली जैवसुरक्षेचा कायदा झाला. आणि पुढे २०१८ मध्ये त्याच कायद्याखाली जनुकीय बदल असलेले काही प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ आयात करण्याचे परवाने देण्यात आले. काहींना यात माघार दिसेल. परंतु २००२ मध्ये जो देश केवळ 'नको' म्हणू शकत होता, तो आता 'हे चालेल, ते चालणार नाही' असे तपासून सांगू लागला. स्वतःचे शास्त्रज्ञ, स्वतःची प्रयोगशाळा आणि स्वतःचा कायदा असल्याखेरीज ही भाषा येत नाही.

हा क्रम उलटा झाला तर काय होते ते भारताने पाहिले आहे. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस हजारो हेक्टरांवर उभा असल्याचे उघडकीस आले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला अधिकृत मान्यता मिळाली. बी पुढे गेले, कायदा धापा टाकीत मागून आला. पुढे हे वाण चांगले ठरले की वाईट, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. निर्णय घेण्याची संधी शासनाच्या आणि शेतकऱ्याच्या हातून आधीच निसटली होती, याबद्दल मात्र वाद नसावा.

समाजवादी चळवळीला विज्ञानाचे वावडे नाही, असू नये. कमी पाण्यात येणारे, किडीला दाद न देणारे वाण उद्या सार्वजनिक संशोधनसंस्थांनी काढले आणि ते शेतकऱ्याला पेरता, राखता, शेजाऱ्याला देता आले तर त्याचे स्वागतच करावे लागेल. आक्षेप आहे तो मक्तेदारीला आणि भुकेच्या क्षणी साधलेल्या संमतीला. अशा संमतीला अर्थशास्त्रात सौदा म्हणत असतील. नीतिशास्त्रात तिला सक्ती म्हणतात.

म्हणून पुढील वाटाघाटींत भारतासारख्या मोठ्या विकसनशील देशाने काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. अन्नमदत शक्यतो रोख असावी आणि तीतून जवळच्या प्रदेशातील धान्य घेतले जावे. परिवर्तित धान्य द्यावयाचेच तर ते दळून द्यावे आणि दळण्याचा खर्च दात्याने सोसावा. लहान राष्ट्रांना परीक्षणाची साधने व प्रशिक्षण देणारी सामायिक केंद्रे त्यांच्याच प्रदेशात उभी राहावीत. नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे ठरविणारा नागोया-क्वालालंपूर पूरक करार २०१० मध्ये झाला आणि मार्च २०१८ मध्ये लागू झाला; त्याची कलमे कागदावरच राहू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, राखीव धान्यसाठा ठेवणे ही बाजारातील ढवळाढवळ आहे, हा नाणेनिधीच्या पोथीतील सिद्धांत गरीब राष्ट्रांनी कायमचा फेटाळावा.

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाला पुन्हा एकदा दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करावी लागली. असे दुष्काळ यापुढेही येतील, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी पोत्यांची थप्पी लावून दारात उभा राहील. त्याला 'या' म्हणावयाचे की 'नको', हे ठरविण्याची मोकळीक त्या दिवशी मागून मिळत नसते. आदल्या सुगीत कोठारात किती धान्य राखले, शेतकऱ्याच्या घरात कोणते बी जपले आणि आंतरराष्ट्रीय मेजावर किती लहान राष्ट्रे एकमेकांच्या शेजारी बसली, यांवरच ती ठरलेली असते.